बौद्ध घरात गणपती का बसत नाही?

भाद्रपद जवळ आला की शहरात राहणाऱ्या बौद्ध कुटुंबाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. दीड, पाच, सात की दहा, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. ‘आमच्याकडे बसत नाही’ असे उत्तर मिळाले की मात्र ‘का?’ येतो, आणि तिथे आपली बरीच तरुण मुले अडखळतात. कुणी ‘आमच्यात चालत नाही’ म्हणून सुटका करून घेतो. कुणी प्रदूषणाचे कारण पुढे करतो. कुणी तर घरात सुतक आहे असेही सांगून मोकळा होतो. एखादा भडकतो आणि समोरच्याच्या देवावरच घसरतो.

खरे कारण याहून जुने आहे. ते नीट माहीत असले की उत्तर देताना आवाज चढवावा लागत नाही आणि मान खालीही घालावी लागत नाही. या लेखात गणेशोत्सव मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे. लक्ष्मीपूजन, पितृपक्ष, वटपौर्णिमा, मार्गशीर्षातले गुरुवार यांना तेच कारण कमी-अधिक प्रमाणात लागू पडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करायला हवी. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध आहेत, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८ टक्के. देशातल्या ८४ लाख ४३ हजार बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त इथेच राहतात. एवढ्या मोठ्या समाजात सगळ्यांचे वागणे एकसारखे असणे शक्यच नाही. कडकडीत बावीस प्रतिज्ञा पाळणारी घरे आहेत, दिवाळीचा फराळ करून लक्ष्मीपूजन टाळणारी आहेत, आणि भिंतीवर बाबासाहेब व कपाटाच्या आत आजीची मरीआई असेही घर आहे. वस्तीत काम करताना तिन्ही घरांतला चहा प्यावा लागतो. तेव्हा ‘बौद्ध लोक अमुक करत नाहीत’ असे सरसकट विधान करण्यापेक्षा, जी कुटुंबे करत नाहीत ती का करत नाहीत, हे पाहणे बरे.

प्रतिज्ञा नेमके काय सांगतात

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले. त्यानंतर त्यांनी स्वतः समोरच्या लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. पहिल्या प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याचा व त्यांची उपासना न करण्याचा निर्धार आहे. दुसरीत राम आणि कृष्ण आहेत. तिसरीत गौरी, गणपती आणि इतर देवदेवता. चौथी अवतारकल्पना नाकारते, पाचवी बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचा प्रचार खोटा ठरवते, सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान बंद करते, आठवी ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेणे थांबवते.

गौरी-गणपतीचे नाव घेऊन उल्लेख का, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या शिबिरात विचारला जातो. प्रतिज्ञा घेणारे बहुसंख्य लोक महाराष्ट्रातले होते, आणि मराठी घरात देव म्हणून जे वर्षानुवर्षे येत होते त्यांचीच नावे घेणे भाग होते. ‘मी मूर्तिपूजा करणार नाही’ असे मोघम वाक्य म्हणायला सोपे आणि विसरायलाही सोपे. नाव घेऊन सोडलेली गोष्ट लक्षात राहते.

आणखी एक बारकावा आहे. सगळ्या प्रतिज्ञा घेणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडच्या आहेत. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. शेजाऱ्याने काय करावे याबद्दल त्यांत एक शब्द नाही. दुसऱ्याच्या आरतीत अडथळा आणण्याचा किंवा त्याच्या मूर्तीची टिंगल करण्याचा आधार या बावीस वाक्यांत कुठेही सापडत नाही. उलट तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करायला सांगते. (आणि सतरावी दारू सोडायला सांगते. तिसरी तोंडपाठ आणि सतरावी विसरलेली, असे आपल्याकडे किती आहेत हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत मोजावे.)

सणातली आपली जागा

प्रतिज्ञा हे अर्धेच उत्तर झाले. बाबासाहेबांनी सांगितले म्हणून आम्ही करत नाही, एवढ्यावर थांबणारा तरुण पुढच्या ‘का’ला पुन्हा अडखळतो. तो ‘का’ गावगाड्यात सापडतो.

गावातला सण म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेला आनंद, असे चित्र शाळेच्या निबंधात असते. प्रत्यक्षात सणाच्या दिवशी गावातला प्रत्येक माणूस आपापल्या जातीच्या जागेवर उभा असे. पोळ्याला मानाचा बैल पाटलाचा. पालखीला खांदा कुणाचा, पहिला नैवेद्य कुणाचा, वाजवायचे कुणी, झाडायचे कुणी, हे सारे ठरलेले. इतर दिवशी जातीची उतरंड कामात विखुरलेली असे. सणाच्या दिवशी ती एका ओळीत, सर्वांना दिसेल अशी उभी राहत असे. महारांच्या वाट्याला लाकडे वाहणे, आवार झाडणे, दवंडी देणे, जत्रेची राखण, देवीपुढच्या रेड्याची कामे, मेलेली जनावरे ओढणे. त्याबदल्यात वर्षाचे बलुते आणि सणाला दारोदार फिरून मागायचे अन्न. याला ‘हक्क’ म्हणत. पुरणपोळीचा तुकडा मिळे, पण उंबऱ्याबाहेर उभे राहून, वरून टाकलेला. ज्या जत्रेसाठी लाकडे वाहिली तिच्या देवळाची पायरी चढता येत नसे.

आपल्या आत्मकथनांत हे सारे नोंदलेले आहे. दया पवारांच्या १९७८ सालच्या पुस्तकाचे नावच ‘बलुतं’ आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढातला महारवाडा आहे: अंगात येणाऱ्या बाया, पोतराज, देवीचा रेडा. वर्षभर उपाशी असलेली वस्ती त्या महिन्यात देवाच्या नावाने कशी पेटून उठत असे, हे त्यांनी प्रेमाने आणि रागाने, दोन्हींनी लिहिले आहे. तरुणांनी हे पुस्तक जरूर वाचावे. आपली आजी-पणजी देवभोळी होती म्हणून तिला नावे ठेवण्याची सवय त्याने जाते. त्या बायांना देवाशिवाय दुसरी दाद मागायची जागाच नव्हती.

१९२७च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे आणि उष्टे तुकडे मागणे सोडा, असे बजावले होते. महार वतनाविरुद्ध विधेयक त्यांनी १९२८ साली मांडले. ते वतन रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली, त्यांच्या पश्चात आला. मधल्या तीस वर्षांत गावोगावी जो संघर्ष झाला त्यात ‘काम सोडले’ आणि ‘सण सोडला’ या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. १९५६ नंतर लोकांनी देव्हाऱ्यातले टाक, मूर्ती नदीत, विहिरीत सोडल्या, तेव्हा अनेक गावांत जो राग उसळला त्यात देवाच्या अपमानापेक्षा कामाची चिंता जास्त होती. आता वाजवणार कोण? लाकडे आणणार कोण? रेड्याचे काय? म्हणून नकार मिळताच पाणी, दुकान आणि मजुरी तोडली गेली.

म्हणजे ज्याला आज आपण ‘सण न पाळणे’ म्हणतो, तो मुळात त्या ओळीतून बाहेर पडण्याचा निर्णय होता. शहरातल्या फ्लॅटमध्ये जन्मलेल्या मुलाला ती ओळ दिसत नाही. त्याला फक्त मखर, रोषणाई आणि मोदक दिसतात. त्यामुळे त्याला आईवडिलांचा नकार कोरडा, आनंदाच्या आड येणारा वाटतो. तो चुकलेला नाही. त्याला इतिहास सांगायचे राहून गेले आहे.

आधी आत येण्याची मागणी होती

‘तुम्ही लोक स्वतःच वेगळे राहता’ हा आरोप नेहमी ऐकू येतो. त्यावर तारखाच बोलतात. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीसाठी, १९२९ साली पुण्याच्या पर्वतीसाठी, २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी आपल्या लोकांनी सत्याग्रह केले. त्या वर्षीच्या रामनवमीला नाशिकमध्ये तडजोड ठरली होती की रामाचा रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा. रथाच्या दोराला हात लावण्यापुरतीच ती मागणी होती. प्रत्यक्षात रथ परस्पर पळवला गेला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने लढा त्यानंतरही काही वर्षे चालला. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून तो थांबवण्याचा सल्ला दिला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली.

हा क्रम लक्षात ठेवावा. दोर धरू द्या म्हणून लोक दगड खात उभे राहिले, आणि मग त्यांनी दोर सोडला. ‘आता तर सगळ्यांना प्रवेश आहे, मग का येत नाही?’ असे आज कुणी सद्भावनेने विचारले तर हा क्रम त्याला शांतपणे सांगता येतो. दार उघडेपर्यंत आपण दुसऱ्या घरात राहायला गेलो होतो, आणि ते घर आपल्याला आवडले आहे.

‘संस्कृती म्हणून तरी करा’

सर्वात अवघड युक्तिवाद हाच आहे, कारण तो गोड बोलून केला जातो. गणपती हा आता धर्माचा राहिला नाही, महाराष्ट्राचा झाला. टिळकांनी १८९३ मध्ये सार्वजनिक उत्सवाला चालना दिली ती समाज एकत्र यावा म्हणून. तुम्ही मराठी नाही का?

मराठीपण नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. पण मखर, देखावा आणि ढोलपथक बाजूला काढले की उरते ती प्राणप्रतिष्ठा, आरती, नैवेद्य आणि विसर्जन. ही पूजाच आहे, आणि श्रद्धावंत माणूसही तिला पूजाच म्हणतो. त्याच्या श्रद्धेला ‘निव्वळ संस्कृती’ म्हणणे हा खरे तर त्याचाही अनादर आहे. देखावा पाहायला जाणे, मित्राच्या घरी बसणे, जेवणे आणि स्वतःच्या घरी स्थापना करणे यांत फरक आहे. बहुतेक बौद्ध कुटुंबे हा फरक न सांगता पाळतात. प्रसाद हातात दिला तर खावा की नाही यावर आपल्याकडे वाद होतात. माझे मत असे की समोरच्याने आपुलकीने दिलेला पेढा खाल्ल्याने प्रतिज्ञा मोडत नाही. उपासना न करण्याचे वचन आपण दिले आहे, पेढ्याविषयी काही बोललेलो नाही.

प्रदूषणाचे कारण पुढे करू नये, असे मात्र मनापासून वाटते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती आणि डीजेचा आवाज हे खरे प्रश्न आहेत, पण आपल्या नकाराचे कारण ते नाहीत. उद्या शेजारी शाडूची मूर्ती आणतील, बादलीत विसर्जन करतील, आणि विचारतील, आता?

दुसऱ्या टोकाला आपल्याच भ्रमणध्वनींवर फिरणारे संदेश आहेत. गणपती म्हणजे मूळचा बुद्धच, दिवाळी म्हणजे सम्राट अशोकाचा दीपदान उत्सव, वगैरे. यातला खरा भाग खरा म्हणून सांगावा. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे ते बौद्ध लेणीतल्या एका विहारात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरेचे मंदिर आहे. हे कुणीही जाऊन पाहू शकतो, आणि आपल्या मुलांना तिथे जरूर न्यावे. पण अशोकाने चौऱ्याऐंशी हजार स्तूप किंवा विहार उभारल्याची जी कथा बौद्ध ग्रंथांत आहे, तिच्यातून दिवाळीच्या अमावास्येची तारीख निघत नाही. हिंदीतून आलेल्या संदेशात तर ‘कार्तिक अमावस्या’ असते आणि आपण ती तशीच पुढे पाठवतो. महाराष्ट्राच्या पंचांगात ती अमावास्या आश्विनाची आहे, एवढेही कुणी तपासत नाही. ज्या धम्मात ऐकीव गोष्ट पारखून घ्यायला सांगितले आहे, तिथे ही घाई शोभत नाही. आणि मुद्दा असा की नकार द्यायला अशा पुराव्याची गरजच नाही.

दिवाळीबाबत घराघरांत तडजोडी आहेत, त्या मोडायला कुणी जाऊ नये. बोनस दिवाळीत मिळतो, शाळेला सुटी असते, माहेरवाशीण तेव्हाच येऊ शकते. फराळ, नवे कपडे, किल्ला हे बरीच घरे करतात आणि लक्ष्मीपूजन वगळतात. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त बळीराजाला आपला म्हटले, त्या आधाराने काही जण बळीप्रतिपदेला बळीचे स्मरण करतात. काही घरांत त्या चार दिवसांत काहीच होत नाही. तिन्ही प्रकारची माणसे विहारात शेजारी शेजारी बसतात.

शाळा, वेशभूषा आणि हॅलोविन

खरी कसोटी मुलांची असते. बालवाडीत गोकुळाष्टमीला राधा-कृष्ण बनवून पाठवा अशी चिठ्ठी येते. वर्गात सरस्वतीपूजन असते. सोसायटीत आरतीची पाळी लागते. पाच वर्षांच्या मुलाला गावगाडा समजावता येत नाही, आणि ‘ते देव खोटे आहेत’ हे वाक्य तर अजिबात शिकवू नये. ते मूल दुसऱ्या दिवशी बाकावरच्या मित्राला तसेच ऐकवते, आणि मग दोन्ही घरांत भांडण पोहोचते. ‘त्यांच्या घरी त्यांचे देव, आपल्या घरी बुद्धवंदना’ इतके त्या वयाला पुरते. कारणे दहाव्या-बाराव्या वर्षी सांगावीत, आणि तेव्हा मात्र नक्की सांगावीत.

शाळेशी बोलताना संविधानाचा आधार आहे. अनुच्छेद २८(३) नुसार राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेतल्या कोणत्याही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. वर्गशिक्षिकेला साधी चिठ्ठी लिहिली तर बहुतेक ठिकाणी प्रश्न मिटतो. भांडण करत मुख्याध्यापकांकडे जायची वेळ क्वचितच येते.

नकार देणाऱ्या मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आहे, आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. केरळमधल्या यहोवाज् विटनेसेस पंथाच्या तीन भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही ते गायला नकार दिला, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. १९८६ साली बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आपला प्रश्न राष्ट्रगीताचा नाही, ते आपण अभिमानाने गातो. पण एका लहानशा पंथाच्या मुलांच्या सदसद्विवेकाला न्यायालयाने जे संरक्षण दिले, ते सगळ्यांच्या मुलांसाठी आहे.

हाच पंथ अमेरिकेत हॅलोविन पाळत नाही, म्हणून थोडे तिकडचेही पाहू. ३१ ऑक्टोबरचा हा सण ख्रिस्ती संतदिनाची आदली संध्याकाळ आहे आणि त्याची मुळे आयर्लंडच्या सॅमहेन या जुन्या ऋतुसणात शोधली जातात. भुताखेतांचे पोशाख घालून मुले दारोदार गोळ्या-चॉकलेट मागत फिरतात. अमेरिकेतली अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती, सनातनी ज्यू आणि मुस्लिम कुटुंबे मुलांना त्यात पाठवत नाहीत. आपल्या श्रद्धेत भुतांच्या खेळाला जागा नाही, किंवा हा दुसऱ्या परंपरेचा विधी आहे, अशी त्यांची कारणे असतात. मूळनिवासी अमेरिकन लोकांची तक्रार वेगळी आहे. आपल्या पूर्वजांची पिसे आणि वस्त्रे इतरांनी एका रात्रीचे सोंग म्हणून वापरावीत, हे त्यांना अपमानाचे वाटते. काही चर्च त्या संध्याकाळी सुगीचा मेळावा भरवतात, म्हणजे मुले रिकाम्या हाताने घरी बसत नाहीत. तिकडच्या काही झेन केंद्रांनी तर त्याच सुमारास भुकेल्या प्रेतात्म्यांना अन्न अर्पण करण्याचा आपला जुना विधी ठेवला आहे.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या गृहसंकुलांत आणि काही इंग्रजी शाळांत आता हॅलोविनही आला आहे. गंमत अशी की मराठी मध्यमवर्गीय घराने ‘आम्ही हॅलोविन करत नाही’ म्हटले तर त्याचे कौतुक होते, संस्कार जपले म्हणतात. बौद्ध घराने ‘आम्ही गणपती बसवत नाही’ म्हटले तर कुणाकुणाच्या कपाळावर आठ्या येतात. नकाराचा हक्क दोन्ही घरांना सारखाच आहे.

बायकांच्या डोक्यावरचा सण

सण पुरुष जाहीर करतात आणि बायका करतात. सोडण्याचेही ओझे त्यांच्यावरच येते. बौद्ध मुलगी दुसऱ्या जातीत लग्न करून गेली की पहिल्या भाद्रपदात गौरी तिच्याकडूनच बसवून घेतल्या जातात. उलट बाजूने आलेल्या सुनेला आपल्याकडे एका रात्रीत देव्हारा रिकामा करायला सांगितले जाते. हेही तितकेच वाईट आहे. धम्म स्वीकारायचा असतो. सासूने लादलेला धम्म आणि सासूने लादलेले व्रत यांत त्या मुलीच्या दृष्टीने फरक काय?

मार्गशीर्षातले गुरुवार करणाऱ्या बौद्ध बाया मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत भरपूर भेटतात. त्यांना मेळाव्यात व्यासपीठावरून झोडपणारे कार्यकर्तेही भेटतात. त्या बाईला काय मिळते ते आधी पाहावे. चार शेजारणी घरी येतात, नवऱ्याकडे त्या दिवसापुरता शब्द चालतो, मुलाच्या नोकरीची काळजी कुणापुढे तरी बोलता येते. हे सगळे काढून घेऊन तिच्या हातात नुसती प्रतिज्ञांची पुस्तिका दिली तर ती कशी टिकेल? जिथे ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या आणि ७ फेब्रुवारीला रमाईच्या जयंतीला बायकांचे हक्काचे कार्यक्रम होतात, त्यात विधवेला पुढच्या रांगेत बसवले जाते, तिथे हळदीकुंकवाची ओढ आपोआप कमी झालेली दिसते. हळदीकुंकवात त्या विधवेला जागाच नव्हती.

पितृपक्षाच्या जागी आपण जलदान विधी आणि पुण्यानुमोदन आणले. हे चांगलेच झाले. पण कर्ज काढून तीनशे पाने उठवायची असतील तर तेराव्यापासून आपण फार दूर गेलेलो नाही.

वर्गणी, बहिष्कार आणि कायदा

वर्गणीचा प्रश्न व्यवहाराचा आहे. सोसायटीची देखभाल वेगळी आणि उत्सवाची वर्गणी वेगळी, एवढे लेखी मागून घ्यावे. उत्सवाची वर्गणी ऐच्छिक असते, आणि जबरदस्तीची वसुली हा गुन्हा आहे. स्वखुशीने शेजारधर्म म्हणून कुणी शंभर रुपये दिले तर त्याला धम्मद्रोही म्हणू नये.

गावात नकाराची किंमत अजूनही मोठी असू शकते. एखाद्या कुटुंबाने पालखीचे किंवा वाजवण्याचे काम नाकारले म्हणून त्याचे पाणी, किराणा, मजुरी तोडली गेली, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(झेडसी) लागू होते. २०१५च्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे आणि त्याची धमकी देणे, दोन्ही त्यात गुन्हे ठरले आहेत. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० साली केंद्राने दिला, त्यामुळे जातीचा दाखला जवळ असलेल्या बौद्ध कुटुंबाला हे संरक्षण मिळते. तक्रार देण्यापूर्वी कोणत्या दुकानाने, कोणत्या तारखेला, कोणासमोर नकार दिला याची वही ठेवावी. बहिष्कार तोंडी असतो, वहीशिवाय तो सिद्ध करणे कठीण जाते. पहिला फोन तालुक्यातल्या संघटनेला करावा, समाजमाध्यमांवरचा व्हिडिओ नंतर. त्याच गावात मातंग, चर्मकार आणि इतर समाजांची घरे सण पाळत असतात. त्यांना हिणवून आपला एकटेपणा वाढवू नये. पाणी तुटल्यावर घागर त्यांच्याकडूनच येते, असे अनुभव आहेत.

आपले दिवस

आपले पंचांग रिकामे नाही. १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव, २० मार्चचे महाड, २५ डिसेंबरचे मनुस्मृती दहन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन. अडचण संख्येची नाही, रीतीची आहे. जयंतीला तीच डीजेची भिंत, तीच दारात उभी राहून मागितलेली वर्गणी, बाबासाहेबांच्या मूर्तीपुढे नारळ आणि आरती असेल, तर गणपती न बसवण्याचे कारण आपण मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार? जयंतीला अठरा तास अभ्यास ठेवणाऱ्या मुलांनी याचे उत्तर आपल्या परीने दिलेले आहे.

गणेशोत्सवाचे दहा दिवस आपल्या वर्षावासात येतात, याकडे फारसे लक्ष जात नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. भाद्रपदात बाहेर ढोल सुरू झाले की उपस्थिती निम्म्यावर येते, हा बहुतेक विहारांचा अनुभव. काही ठिकाणी त्या दहा दिवसांत वाचनाची पाळी मुलांकडे देतात. एका मुलाला एक पान, वाचून झाल्यावर त्यानेच प्रश्न विचारायचे, मोठ्यांनी उत्तर द्यायचे, आणि शेवटी खीर. वेळ संध्याकाळी सातऐवजी साडेपाचची ठेवली जाते. आवाज सुरू होण्याआधी वाचन संपते, आणि ज्यांना नंतर मित्रांबरोबर देखावे पाहायला जायचे असते ती मुले तिथूनच जातात.